चालणाऱ्यांचा हिरवा

एंटर दाबून तिने चहाचा कप उचलला, तोवर पडद्यावरच्या ओळी सरसर वर सरकायला लागल्या होत्या. शहरातल्या प्रत्येक सिग्नलची एक फाइल आणि फाइलीत प्रत्येक दिव्याची वेळ. वळणाऱ्या गाड्यांचा हिरवा तीस सेकंदांवरून पंधरावर आणायचा होता. हाताने करायला आठवडा गेला असता, तिने लिहिलेल्या स्क्रिप्टने, त्या छोट्याशा प्रोग्रामने, ते चुटकीसरशी उरकलं.

"झालं?" शेजारच्या टेबलावरच्या सहकाऱ्याने विचारलं.

"झालं. सिग्नलवर चढलंसुद्धा."

मग तिने सहज एक फाइल उघडली आणि कप तसाच खाली ठेवला. कुठल्या दिव्याचे तीस, हे तिने स्क्रिप्टला सांगितलंच नव्हतं. दिसेल त्या तीसचे पंधरा कर, एवढंच सांगितलं होतं. रस्ता ओलांडणाऱ्यांचा हिरवाही तीसचाच होता. स्क्रिप्ट बिचारी आज्ञाधारक, तिने तोही कापला. आधी तपासावं, मग चढवावं, हे स्क्रिप्ट लिहिणारीला कुणी शिकवायला नको होतं. घाई नडली.

जुन्या फाइलींची प्रत होती म्हणून निभावलं. ती लगेच परत चढवली, पण चौकाचौकांत पोहोचायला वेळ लागत होता आणि तिचा जीव थाऱ्यावर नव्हता. दुपारी याच सुमारास बाबा काठी टेकत रस्त्यापलीकडच्या वाचनालयात जायचे. तिने फोन लावला. तो वाजून वाजून बंद झाला. ती उठली, बसली, पुन्हा उठली.

"तू जा, इथलं मी बघतो," सहकारी म्हणाला.

बाबा घरीच होते. खिडकीशी बसलेले, चष्मा कपाळावर, मांडीवर पुस्तक.

"फोन का नाही उचललात?"

"मन नव्हतं." त्यांनी चष्मा काढून पुसला. "आज मी अर्ध्यावर होतो, तोच लाल लागला. एक गाडीवाला खाली उतरला, त्याने हाताला धरून मला परत कडेला आणून सोडलं. दोन वर्षं तू कानीकपाळी ओरडतेयस, एकटे जाऊ नका म्हणून. मीच ऐकत नव्हतो. पाय गेले माझे, बाळा. उद्यापासून नाही जायचो."

हेच तर तिला हवं होतं. दोन वर्षांचं भांडण एका दुपारी मिटलं होतं. तिने फक्त गप्प बसायचं होतं.

"तुमचे पाय ठीक आहेत, बाबा," ती म्हणाली. "सिग्नल चुकला होता. माझ्या हातून."

त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि ते हसले.

"तुझी आईही अशीच. मला बरं वाटावं म्हणून सगळं स्वतःवर ओढून घ्यायची."

"खरंच सांगतेय."

"बरं बरं." त्यांनी पुस्तक मिटून तिच्या हातात दिलं. "अर्धंच झालंय. पण उद्या कामावर जाताना वाचनालयात परत करून टाक."