ज्योत्सनाच्या मानेचा फोटो

मित्रांनो, तुमच्यापैकी कोणी मोहाच्या झाडावरून पडलं असेल किंवा सायकलसकट आपटलं असेल, तर माझ्यासारख्या कुणाशी तरी त्याची गाठ पडलीच असेल. साकोली तालुक्यातल्या एका दवाखान्यात राहणारी मी जुनी एक्स-रे मशीन. इकडचे लोक मला 'फोटोची मशीन' म्हणतात. मला ते नाव आवडतं.

माझा जन्म दूरच्या कारखान्यात झाला. लोखंडी खांब, त्याला एक लांब हात आणि त्या हाताच्या टोकाला काचेची नळी, असं माझं रूप. नळीतून निघणारे किरण मांसातून पार होतात आणि हाडाशी अडतात. त्या अडण्याचंच चित्र उमटतं. मी इथे आले तेव्हा ट्रकमधून उतरवताना धक्का बसू नये म्हणून गावकऱ्यांनी खाली धानाचं तणस अंथरलं होतं. इतकं कौतुक नवरीचंही होत नसेल!

माझ्या उमेदीच्या काळात फोटो अंधाऱ्या खोलीत धुतले जात आणि तारेवर वाळत घातले जात. बैलाच्या लाथेने मोडलेली नडगी, बांधावर घसरून पिचलेलं मनगट, सारं मी बिनचूक दाखवलं. पुढे मला चालवणारे गृहस्थ बदलून गेले आणि खोलीला कुलूप लागलं. माझ्या टेबलावर फाटक्या गाद्यांचा ढीग साचला. पालीने माझ्या हाताच्या सांध्यात अंडी घातली. मी चांगली धडधाकट होते, पण ते कुणाला ठाऊक?

मग मला चालवायला पवनीच्या सत्यवतीबाई आल्या. त्यांनी गाद्या बाहेर काढल्या, मिस्त्री बोलावून माझ्या तारा तपासून घेतल्या आणि रोज सकाळी मला कोरड्या फडक्याने पुसायचा नेम धरला. धुवायच्या फिल्मा गेल्या, संगणकाचा पडदा आला. मी पुन्हा कामाला लागले.

आता ज्योत्सनाची गोष्ट सांगते. ही दुसरीत शिकणारी मुलगी. तिचे वडील आसाराम तलावात मासे धरतात. उन्हाळ्याच्या तोंडाशी एका सकाळी वडील जाळं ओढत असताना तिने तलावाच्या पाळीवरून, म्हणजे काठच्या बांधावरून, नेहमीसारखा सूर मारला. पाणी आटलं होतं, हे तिच्या ध्यानात आलं नाही. डोकं तळच्या घट्ट गाळावर आदळलं. वडिलांनी तिला बाहेर काढलं. ती रडली, उठून बसली, चाललीसुद्धा. फक्त मान हलवेना. गावातले एक म्हातारे झटका देऊन मान बसवतात. आसाराम तिला त्यांच्याकडेच नेत होते, पण आई शकुन आडवी आली. दोघांनी मोटारसायकलवर पोरीला मध्ये बसवलं आणि दवाखाना गाठला.

डॉक्टर कापगते यांनी तिला तिथल्या तिथे आडवं निजवलं आणि बसू देऊ नका म्हणून सांगितलं. सर्वांनी मिळून, मान न वळवता, तिला माझ्या टेबलावर आणलं. लहान मुलांचं डोकं अंगाच्या मानाने मोठं असतं, त्यामुळे सपाट निजवलं की मान पुढे वाकते. म्हणून सत्यवतीबाईंनी तिच्या पाठीखाली चादरीची घडी सरकवली आणि डोक्याच्या दोन्ही बाजूंना टॉवेलच्या गुंडाळ्या ठेवल्या. शकुनला शिशाचा जड झगा घालून लेकीजवळ उभं केलं. एक फोटो बाजूने काढला, एक समोरून आणि एक तोंड उघडायला लावून, कारण वरचे दोन मणके एरवी दातांआड लपतात. लेकरांच्या अंगावर किरण उगाच सोडायचे नसतात, म्हणून प्रत्येक फोटो पहिल्याच खेपेला नीट यावा लागतो. तिन्ही नीट आले. मी माझं काम चोख केलं.

बाई टॉवेल सारखे करत होत्या, तेव्हा ज्योत्सना हळूच म्हणाली, "बाई, माया हातात मुंग्या चालून राहिल्या. बाबाले नोको सांगू. तो मले पान्यात जाऊ नाही देनार."

बाईंनी तिच्या केसांवरून हात फिरवला आणि सरळ जाऊन डॉक्टरांना सांगितलं. डॉक्टरांनी तिला आपली बोटं दाबायला लावली. डाव्या हाताची पकड ढिली होती.

पडद्यावर मात्र सातही मणके ओळीत होते. कुठे तडा नाही, काही सरकलेलं नाही. डॉक्टरांकडून ते ऐकून आसारामांचा जीव भांड्यात पडला. आता घरी न्यावं, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. डॉक्टरांनी नागपूरचं नाव काढताच ते गोंधळले.

"हड्डी साजरी हाये म्हन्ता जी, मंग नागपूरले कायले?"

डॉक्टर त्यांच्याजवळ बसले. "आसारामभाऊ, ह्या मशीनले हड्डी दिसते. हड्डीच्या आतली मोठी नस दिसत नाही. लेकराची मान लवचिक राहते, हड्डी वाकून जागेवर येते, पन आतली नस दुखावते. मशीन म्हन्ते काही नाही, पोरगी म्हन्ते मुंग्या. मी पोरीचं ऐकीन."

मग शकुनच म्हणाली, "गाडी बोलवा जी. आपन जाऊ."

मित्रांनो, तुम्हाला वाटेल मला राग आला असेल. मुळीच नाही. डॉक्टर बोलले ते अक्षरशः खरं होतं. हाडाच्या बाबतीत माझा हात धरणारं या भागात कोणी नाही. हाडाच्या पोकळीतल्या मज्जारज्जूपुढे मात्र मी आंधळी आहे. तिथे माझी थोरली बहीण लागते, ती एमआरआयची मशीन. मानेला पट्टा बांधून ज्योत्सनाला रुग्णवाहिकेतून नेलं आणि त्या बहिणीने पाहिलं, मज्जारज्जूला सूज होती. मानेला एक झटका बसला असता, तर हात-पाय कायमचे गेले असते.

पावसाळा सरत असताना ती परत माझ्याकडे आली. तिकडच्या डॉक्टरांनी पट्टा काढायला सांगितलं होतं, पण त्याआधी मान पुढे-मागे वाकवून फोटो हवे होते. ते मी काढले. मणके एकमेकांना धरून होते. डॉक्टरांनी पुन्हा बोटं पुढे केली. तिने ती अशी आवळली की त्यांनी हसत हात सोडवून घेतला. आसारामांनी सत्यवतीबाईंच्या हाती पळसाच्या पानांत बांधलेली मरळ मासोळी ठेवली.

माझं वय झालं, पण नळी अजून खणखणीत आहे. माझ्यावरची धूळ पुसत राहा, खोलीला कुलूप लावू नका, मी कामाला कमी पडणार नाही. एवढं मात्र लक्षात ठेवा. मानेवर पडलेल्या लेकराला ओढू नका, उचलून बसवू नका, त्याची मान चोळू नका. आणि मुलांनो, दुखत असेल, मुंग्या येत असतील तर लपवू नका. माझ्यासमोर निजाल तेव्हा मी तुमची हाडं दाखवीन, बाकीचं तुमचं तुम्हालाच सांगावं लागेल.