चौदाव्या रांगेतली बायको

नवऱ्याला, आउलिसला, विमानात खिडकीशी बसवून राइलीने त्याच्या पट्ट्याचं बक्कल लावलं, आणि नेमकं तेव्हाच तिच्या लक्षात आलं की त्याच्या डोक्यावर टोपी नाही.

टोपी तशी साधीच. राखाडी लोकरीची, कडेला उसवलेली. पण तिच्याशिवाय तो घटकाभर शांत बसत नसे. आधी डोक्यावरून हात फिरवायचा, मग खिसे चाचपायचे, मग उठून उभं राहायचं आणि मग ‘घरी चल, घरी चल’ सुरू. आज तसं होऊन चालणार नव्हतं. मागच्या आठवड्यात दोघं याच प्रवासाला आगगाडीने निघाले होते, तर ताम्पेरे स्टेशनच्या अलीकडे त्याने सगळा डबा डोक्यावर घेतला. शेवटी ताम्पेरेला उतरावं लागलं. भर थंडीत फलाटावर त्याला कुशीत घेऊन ती परतीच्या गाडीची वाट बघत बसली होती. येणारे-जाणारे लोक सभ्यपणे दुसरीकडे बघत होते.

ओउलूला, लेकीच्या गावी, म्हाताऱ्यांच्या निवासात त्याच्यासाठी एक खोली मिळाली होती. तिथल्या बाईंनी लेकीला, हेलीला, स्पष्टच सांगितलं होतं. आज संध्याकाळपर्यंत आले तर खोली तुमची, नाहीतर दुसरं माणूस थांबलंय.

राइलीच्याने आता होत नव्हतं. हे ती कुणापाशी बोलली नव्हती, पण होत नव्हतं. उन्हाळ्यात तो नुसत्या मोज्यांवर घराबाहेर पडला नि तळ्याकाठी सापडला. त्याला ओढून आणताना तिचं मनगट मोडलं, ते अजून ठणकायचं. तेव्हापासून तिला झोप अशी नव्हतीच. तरीही तिकिटं काढताना तिने शेजारशेजारच्या जागा मुद्दाम निवडून घेतल्या होत्या. खिडकीची त्याची, उजवीकडची तिची. लग्नापासून हे असंच होतं. गाडीत, चर्चमध्ये, सौनाच्या म्हणजे वाफेच्या न्हाणीघराच्या बाकावर, सगळीकडे ती त्याच्या उजव्या हाताला. विमान उडायच्या आधी तो खिशातून खारट काळ्या गोळ्यांची डबी काढायचा, एक तिला द्यायचा, एक आपण घ्यायचा आणि तिचा हात घट्ट धरून ठेवायचा. विमानाची त्याला फार भीती. आज रात्री तो दुसऱ्याच कुठल्या तरी खाटेवर झोपणार होता. त्याआधीचा हा एवढा तास तिला हवा होता, आणि आयुष्याकडे तिने आणखी काही मागितलं नव्हतं.

“बस हं, टोपी घेऊन आलेच,” ती म्हणाली.

“ये,” तो म्हणाला.

टोपी विमानाच्या दाराबाहेरच, बोगद्यासारख्या त्या वाटेत सापडली. कुणी भल्या माणसाने उचलून कठड्याला अडकवून ठेवली होती. राइलीचा जीव भांड्यात पडला. वळून बघते तर मघाशी रिकामी असलेली वाट माणसांनी भरून गेलेली.

दुसऱ्या कुठल्या देशातली बाई असती तर ‘जरा जाऊ द्या हो, नवरा एकटा आहे’ म्हणत कोपराने वाट काढून आत शिरली असती. पण आम्ही पडलो फिनलंडचे. बसच्या थांब्यावर दोन माणसं असली तरी मध्ये तिसरं झोपू शकेल एवढं अंतर ठेवून उभे राहतो. रांग मोडणं म्हणजे आम्हाला कपडे काढून बाजारात फिरण्यासारखं. (सौनात सगळे उघडे बसतो, ती गोष्ट वेगळी.) पुढच्या माणसाला हात लावून चार शब्द बोलायचे, एवढंच काम होतं. राइलीला ते जमलं नाही. ती गुमान रांगेच्या शेवटी जाऊन उभी राहिली, टोपी छातीशी धरून. रांग मुंगीच्या पावलाने सरकत होती, आत लोक कोट काढून घड्या घालून वर ठेवत होते.

चौदाव्या रांगेशी पोचली तेव्हा तिच्या जागेवर एक बाई बसलेली होती. साठीच्या आसपासची, चष्मा लावलेली, अंगात हिरवं जाकीट. आणि तिचा हात आउलिसच्या हातात होता.

“माफ करा,” राइली म्हणाली, “बहुतेक ही माझी जागा आहे.”

बहुतेक! जागा तिचीच होती हे तिला स्वतःच्या नावाइतकं ठाऊक होतं, पण तोंडातून आलं ते बहुतेक.

बाईने आपला पास काढून बघितला आणि कानापर्यंत लाल झाली. “अरे देवा. माझी पंधरावी रांग. एक रांग चुकले मी.” ती उठायला गेली, पण आउलिसने हात सोडला नाही.

“कुठे चाललीस, राइली?” त्याने तिला विचारलं. त्या हिरव्या जाकीटवालीला.

राइलीला विमानातला सगळा आवाज कुठेतरी लांब गेल्यासारखं झालं.

“मी बसले आणि त्यांनी हात धरला,” बाई खालच्या आवाजात म्हणाली. “‘आलीस का’ म्हणाले. मला... नाही म्हणवेना हो. म्हटलं, कोणी येईलच त्यांचं.”

“नाही म्हणवेना?” राइली म्हणाली. “दोन शब्द बोलायचे होते फक्त. मी ती नव्हे, एवढंच.”

“हो,” बाई म्हणाली. “बोलायला हवं होतं.”

त्या बाईच्या झिंज्या धरून तिला उठवावं असं राइलीला वाटलं. पण मघाशी रांगेत आपल्यालाही दोन शब्द बोलायचे होते आणि ते बोलवले नाहीत, हेही त्याच क्षणी तिच्या ध्यानात आलं. मग तिला त्या बाईवर धड रागावताही येईना.

ती वाकली. “आउलिस, ही बघ टोपी आणली. मी राइली.”

आउलिसने टोपी घेतली, उलटी-सुलटी करून बघितली नि डोक्यावर चढवली. चेहरा खुलला. “फार उपकार झाले, बाई. कुठे सापडली तुम्हाला?”

“बाहेर. दारापाशी.”

“आजकाल अशी माणसं राहिली नाहीत,” तो हिरव्या जाकीटवालीला म्हणाला. “बघ राइली, टोपी आणून दिली यांनी.”

“आउलिस, माझ्याकडे बघ.” राइलीने त्याच्या गालाला हात लावला. “मी आहे. हेलीची आई मी.”

त्याने बघितलं. नीट, निरखून बघितलं. अनोळखी माणसाशी बोलताना तो जसं सभ्य हसायचा तसं हसला. “आमच्या हेलीला ओळखता का तुम्ही?”

तोवर पलीकडच्या आसनावरच्या माणसाला राहवेना. धिप्पाड गडी, गुडघे पुढच्या आसनाला टेकलेले. बोलण्याच्या हेलावरून साव्हो भागातला होता हे उघड होतं, आणि साव्होच्या माणसाला गप्प बसवणं आजवर कुणाला जमलेलं नाही.

“काय मंडळी, जागेवरून भांडण? आपल्याकडे? उद्या पेपरात येणार हे!” तो म्हणाला. “अहो, पासावर लिहिलंय ना? मग ज्याची जागा त्याला द्या नि सोडा. माझं तर नेहमी असंच होतं, माझ्या जागेवर कुणीतरी असतंच. आमची ही म्हणते, तुझं आकारमान बघून लोक आधीच जागा अडवून ठेवतात.” कुणी हसलं नाही. मग त्याने मान वळवून हाक मारली. “ओ ताई! जरा इकडे या. या बाईंच्या जागेचं घोडं अडलंय.”

मदत करावी हाच त्याचा हेतू होता. हवाई सेविका आली. तरुण पोरगी, केस घट्ट बांधलेले. तिने दोघींचे पास बघितले.

“तुमची जागा हीच आहे,” ती राइलीला म्हणाली. मग हिरव्या जाकीटवालीकडे वळली. “तुम्ही मागे बसा, प्लीज. एकच रांग मागे.”

“जाते,” बाई म्हणाली, आणि तिने हात सोडवून घेतला.

आउलिस अर्धवट उठला. पट्ट्याने त्याला मागे ओढलं, तसा तो घाबरला. “राइली! कुठे नेताय तिला? कोण ही बाई? राइली!” त्याचा आवाज चढला. तोच आवाज, ताम्पेरेच्या अलीकडचा. पुढच्या चार-पाच रांगांतली डोकी वळली आणि लगेच पुन्हा सरळ झाली. मागे कुठेतरी एक मूल रडू लागलं.

“बसले, बसले मी,” हिरवं जाकीट घाईघाईने म्हणालं आणि खाली बसलं. आउलिसने तिचा हात दोन्ही हातांत धरला. तो हुंदके देत होता.

सेविकेचा चेहरा बदलला. “साहेबांना प्रवास झेपेल ना?” तिने हळूच विचारलं. “नाहीतर मला कॅप्टनना सांगावं लागेल. दार अजून उघडं आहे.”

दार अजून उघडं आहे. राइलीला ओउलूतली ती खोली दिसली, विमानतळावर वाट बघत उभी असलेली हेली दिसली, आणि पुन्हा ते घर, ती दाराची कडी, रात्र रात्र ऐकू येणारी त्याची पावलं. एकदा उतरवलं की संपलं. पुन्हा एवढं सगळं करायची ताकद तिच्यात उरली नव्हती. हक्क सांगितला तर जागा तिलाच मिळणार होती, पण त्या जागेवर बसून करायचं काय? तो तिला धक्के मारून ‘माझी बायको आणा’ म्हणणार.

“माझीच चूक झाली,” ती सेविकेला म्हणाली. “माझी पंधरावी रांग. मी मागे बसते.”

“अहो, पण पासावर तर चौदा—” पलीकडचा साव्होवाला सुरू झाला.

“तुम्ही गप्प बसा हो जरा!” राइली म्हणाली. जन्मात तिने परक्या माणसाला असं म्हटलं नव्हतं. तो बिचारा चूप झाला.

सेविकेला सगळं कळलं असावं. तिने राइलीच्या दंडाला हलकेच हात लावला आणि गेली.

राइली वाकून त्या बाईच्या कानाशी आली. “नाव काय तुमचं?”

“मेर्या.”

“मेर्या, यांचा हात सोडू नका. विमान उडताना फार घाबरतात. उजवा अंगठा चोळत राहा, म्हणजे शांत होतात.”

हे सांगताना तिला वाटलं, आपण संसाराच्या किल्ल्याच काढून देतोय. मेर्याचे डोळे भरून आले होते. तिने नुसती मान हलवली.

राइली मागच्या रांगेत बसली. खिडकीची जागा रिकामीच होती, म्हणून ती तिकडे सरकली, बरोबर आउलिसच्या मागे. दोन आसनांच्या मधल्या फटीतून तिला त्याच्या टोपीची उसवलेली कड दिसत होती आणि कोटाची बाही. तिने पदर नसलेल्या बायका करतात तेच केलं, गळ्यातल्या मफलरचा बोळा तोंडात कोंबला आणि रडली. दार बंद झालं. दुपार असून बाहेर अंधारून आलं होतं.

विमान धावपट्टीकडे निघालं तशी पुढून ओळखीची खडखड ऐकू आली. गोळ्यांची डबी.

“घे,” आउलिस म्हणत होता. “नको? अगं नेहमी घेतेस ना. बरं, राहिलं.” मग आसन कुरकुरलं, आणि खिडकीच्या बाजूच्या फटीतून त्याचा हात मागे आला. बोटांत एक काळी गोळी होती.

“घ्या बाई,” तो दबक्या आवाजात म्हणाला. “कानांत दडे बसत नाहीत. टोपी आणलीत ना तुम्ही.”

राइलीने गोळी घेतली. “आभारी आहे.”

“एकट्याच का?”

“हो.”

तो फटीला तोंड लावून आणखी हळू बोलू लागला. “आमची ही आज बोलत नाहीये. एक शब्द नाही. तुम्हाला सांगतो, ती मला कुठेतरी ठेवायला निघालीय.”

राइलीच्या हातातली गोळी तशीच राहिली.

“मला सांगितलं नाही कुणी. पण बॅगेत माझेच कपडे भरले, तिचे नाहीत. तेवढं कळतं मला.” त्याने श्वास घेतला. “थकलीय हो ती. मनगट मोडलंय तिचं, माझ्यापायी. तुम्ही तिला सांगाल का? म्हणावं, आउलिस रागावलेला नाही. म्हणावं, ठीक आहे. मला तिच्या तोंडावर नाही जमत बोलायला. कधीच जमलं नाही.”

विमान वळलं आणि थांबलं. इंजिनं गरजू लागली.

“सांगते,” राइली म्हणाली. आपला आवाज तिचा तिलाच ऐकू आला नाही, म्हणून पुन्हा म्हणाली, “सांगते तिला. नक्की सांगते.”

“पण आत्ता नको हं. उतरल्यावर.”

“उतरल्यावर.”

त्याचा हात अजून फटीत होता. विमान धावायला लागलं, सगळं हादरू लागलं आणि ती बोटं भीतीने आखडली. राइलीने ती धरली. दुखऱ्या हाताने, घट्ट, आणि अंगठा चोळू लागली.

क्षणभर त्याने ते होऊ दिलं. मग हळूच, तिला वाईट वाटू नये अशा बेताने, त्याने आपली बोटं सोडवून घेतली.

“नको, बाई,” तो ओशाळून कुजबुजला. “बायको शेजारी बसलीय माझी.”