फुसक्या बाराची हमी

हॉटेलच्या लॉबीत एक बंदूक टांगायची राहिली होती आणि तेवढ्यासाठी देवव्रत सोमणचा व्हिसा लटकला होता.

फुटबॉलचा वर्ल्ड कप तोंडावर आलेला. मालकाला भिंतीवर शोभेला हवी होती दीडशे वर्षांपूर्वीच्या घडणीची, एका वेळी एकच गोळी घेणारी रायफल. पण नवीकोरी, नामांकित कारखान्याची, नळीवर नाव कोरलेली. परवाना देणाऱ्यांची अट एवढीच की तिच्यातून गोळी सुटता कामा नये. मॅनेजर हाफिजने सांगून टाकलं होतं, "गन आयी तो रिन्यूअल, नहीं तो खलास."

देवव्रत हॉटेलच्या खरेदीखात्यातला; जन्मभर त्याने पंप आणि व्हॉल्व्ह खरेदी केलेले. आखातातल्या अल खोरच्या घरी बसून त्याने तुलनेचा तक्ता मांडला. अमेरिकेतला कारखानदार अक्रोडाच्या दस्त्याची नि हजार यार्डांवरच्या नेमाची शपथ घेत होता. माल मात्र तीन वर्षांनी. इटलीतल्याचं पोलाद तितकंच चोख, नेम थोडा कमी, माल महिन्याभरात. देवव्रतने दोघांना एकच प्रश्न पाठवला : तुमची रायफल उडणार नाही, याची लेखी हमी द्याल का?

अमेरिकेने उत्तर दिलं नाही. इटलीने दिलं, ते न दिलेलं बरं होतं.

"काय म्हणतो?" त्याच्या बायकोने, मालविकाने विचारलं.

"आजोबांपासून आमचा एकही बार फुकट गेलेला नाही म्हणतो."

"आणि तू त्याच्याकडे फुसक्या बाराची हमी मागतोस. अरे, हलवायाला जिलबी कडू करून द्याल का विचारल्यासारखं झालं."

"मालू, आपल्या नुपूरची बारावी आहे, आत्ता व्हिसा जाऊन चालणार नाही. मी कडू जिलबीही खाईन."

त्याने इटलीला फोन लावला. आधी तोडक्या इंग्रजीत भांडण झालं, मग देवव्रत नुसताच गयावया करत राहिला. शेवटी पलीकडचा म्हातारा विरघळला. नळी पोलादाने बुजवून देतो म्हणाला, "पण त्या मुडद्यावर माझं नाव घालणार नाही."

देवव्रत हो म्हणाला. नावाचं पुढे बघू, असं त्याने स्वतःला सांगितलं.

रायफल आली, परवानाही मिळाला. हाफिजने मालकापुढे पेटी उघडली. मालकाने दस्ता कुरवाळला, नळीवरून बोट फिरवलं, नाव शोधलं, पुन्हा शोधलं.

"ही नक्कल आहे."

"हो सर, नक्कलच मागवली होती," देवव्रत म्हणाला.

"खरी नक्कल मागवली होती. ही खोटी आहे."

"सर, दोन दिवस द्या. नाव मागवून घेतो."

मालक "नको" म्हणून निघून गेला. हाफिजने पेटी बंद केली आणि तिच्याकडेच बघत म्हणाला, "शुक्रन, देवव्रत."

इतक्या वर्षांत त्याने आभार पहिल्यांदाच मानले होते.