अनुपमाची चाल

रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले मच्छिंद्रआप्पा दौंडला घरात बसून चिडचिडे झाले, तेव्हा त्यांच्या लेकीनं, अनुपमानं, त्यांना मोबाइलवरच्या एका खेळात राज्य करायला शिकवलं. त्या खेळात आप्पा प्राचीन चीनचे राजे. पिवळ्या नदीला बांध घालायचे, तांबं-कथील वितळवून शस्त्रं करायची, रथ सजवायचे. समोर अनुपमा, इराणची राणी. ती कुरकुंभच्या एका औषध कंपनीत केमिस्ट होती. मोबाइल गेटवरच ठेवावा लागे, म्हणून जेवणाच्या सुट्टीत बाहेर येऊन ती आपली चाल खेळायची.

त्या दुपारी आप्पांनी रथ नदीपार केले आणि तिच्या उत्तराची वाट बघत बसले. तेवढ्यात खिडक्यांची तावदानं हादरली. ते गच्चीवर धावले. कुरकुंभच्या अंगाला पिवळट धूर चढत होता.

फोन लावला. नुसता वाजत राहिला. शेजारचे साहेबराव जिन्यातूनच ओरडले, "आप्पा, अनुपमाच्या कंपनीतच स्फोट झालाय म्हणत्यात!"

आप्पांनी मोटारसायकल काढली. महामार्गाच्या अलीकडंच पोलिसांनी रस्ता अडवला होता. माणसं तोंडाला रुमाल लावून उलट्या दिशेनं पळत येत होती. घशात काहीतरी तिखट उतरत होतं.

"माझी लेक आत हाय, सायेब."

"पुढं जाता येणार नाही, आजोबा. थांबा इथंच."

एवढ्यात खिशातला मोबाइल थरथरला. इराणचं घोडदळ पुढं सरकलं होतं!

"खेळली! पोरगी जित्ती हाय माझी!" आप्पांनी पोलिसाचा हातच धरला.

मग चष्मा लावून नीट पाहिलं. घोडदळ सरळ दलदलीत शिरलं होतं. अनुपमा असली चाल कधीच करत नसे. खाली बारीक अक्षरं होती : खेळाडूचं उत्तर नाही, संगणकानं चाल केली.

आप्पा मटकन खाली बसले. पुढून कामगारांचे घोळके येत होते. अनुपमासारख्याच निळ्या कोटातली एक मुलगी दिसली, ते उठले. ती दुसरीच निघाली. आता बघायचंच नाही असं त्यांना वाटलं, पण नजर हटेना.

"आप्पा!"

बंबाच्या पाण्यानं डोक्यापासून पायापर्यंत भिजलेली अनुपमा समोर उभी होती. डोळे लालभडक. आप्पांनी तिचा चेहरा दोन्ही हातांनी चाचपला.

"मोबाइल गेटवरच राहिला," ती खोकत म्हणाली. "आप्पा, आमच्या शिफ्टचा सतीश अजून सापडला नाही. माझ्या मागंच होता हो तो."

आप्पा गाडी सुरू करायला गेले, तर किल्ली लागेना.

"सरा, मी चालवते."

ते मागं बसले. तिच्या खांद्यावरची पकड त्यांनी दौंड येईपर्यंत सोडली नाही. वारा त्यांच्याच पाठीकडून वाहत होता, आणि त्याला अजून धुराचा तोच तिखट वास होता.