अख्खा गिला वडा

अमरावतीच्या बसस्थानकावर उतरल्यावर सुगतने थोरल्या बहिणीला फोन केला. "ताई, मी आलो. गिला वडा खायचा हाय."

"अकोल्याहून? वड्यासाठी?" माया हसली. "बायको उपाशी ठेवते काय बे तुले?"

खरं कारण त्याने सांगितलं नाही. आदल्या दिवशी अकोल्यात दातांच्या डॉक्टरने त्याला स्वतःची तीन बोटं एकावर एक धरून तोंडात घालायला लावली होती. दोनच गेली, तीही दातांना घासून. गालाच्या आतला पांढरा चट्टा बघून डॉक्टर म्हणाला, तुकडा काढून तपासायला पाठवावा लागेल. "उद्या येतो," म्हणून सुगत उठला. तेव्हापासून त्याला घास गिळतानाही भीती वाटत होती. कॉलेजात लागलेला तंबाखू-सुपारीचा खर्रा त्याने एक दिवसही सोडला नव्हता. ऑफिसात सगळेच खात.

सकाळी आरशासमोर तोंड उघडून बघताना त्याला गिला वडा आठवला. शाळेत असताना राजापेठेतल्या महादेवरावांच्या गाडीवर दोघा भावंडांची पैज लागायची. दह्यातून, मिरचीच्या पाण्यातून निथळणारा वडा न फोडता अख्खा तोंडात घालायचा. सुगत कधी हरला नव्हता. आज वडा तसाच आत गेला, तर डॉक्टर चुकला. बोटांची परीक्षा त्याला पटली नव्हती. ही पटणार होती.

माया स्कुटीवर राजापेठेत आली. जुन्या जागी मोबाइलचं दुकान होतं. कोपऱ्यावरचा पानठेलेवाला पन्नीवर खर्रा घोटत होता. मायाने त्याला विचारलं.

"महादेवरावची वड्याची गाडी? ट्यूशन क्लासच्या मांगच्या गल्लीत लागते आता."

घोटलेल्या सुपारीच्या वासाने सुगतच्या तोंडाला पाणी सुटलं. त्या पाण्याचीही त्याला भीती वाटली. तो झपाझप पुढे निघाला.

गाडी सापडली. महादेवराव म्हातारे झाले होते.

"एक प्लेट. वडे फोडू नका."

"आता तं सगळे चमच्यानं खाते, लेकरावानी," महादेवराव म्हणाले. "तुमी बाहेरचे दिसता, जमते काय?"

"बाहेरचा कशाचा? इथलाच हाय तो," माया म्हणाली. "घाल रे, दाखव यायले."

सुगतने वडा उचलला. तो समोरच्या दातांवर अडला. त्याने अंगठ्याने रेटला. वडा फुटला, अर्धा शर्टावर पडला, अर्धा आत गेला. चव लागलीच नाही. गाल, टाळू, जीभ, सगळीकडे नुसती आग. डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

"हारला रे हारला!" माया टाळ्या पिटून हसली.

त्याने दुसरा घेतला. या वेळी हळूच, आडवा. कानाखाली जबडा कळ मारत होता. वडा पुन्हा दातांवर थांबला.

मायाचं हसू गेलं. "सुगत, तोंड उघड."

"उघडलंच हाय."

तिने त्याची हनुवटी धरली, तोंड उजेडाकडे वळवलं आणि आत बघितलं.

"कवापासून?"

"डॉक्टरनं तुकडा मांगतला, ताई. मी पळून आलो. तपासलं अन् तेच निघालं तं?"

"तिखट झालं काय?" महादेवराव विचारत होते. "दही टाकू अजून?"

मायाने प्लेट त्याच्या हातातून घेऊन गाडीवर ठेवली.

"चाल. अकोल्याले जाऊ."

"आज?"

"आज नाही तं कवा? तोंड अजून मिटलं म्हंजे?"

"तू येशीन?"

"येईन ना. एकट्याले धाडलं तं मधातच उतरशीन तू."

तिने त्याचं मनगट पकडलं. तिची नखं रुतत होती; तीही घाबरली होती. ते कळल्यावर त्याची भीती आणखी वाढली. पण तिने ओढलं, आणि तो चालू लागला.