आश्लेषाची चोरओटी

पोटुशीची पहिली ओटी चोरून भरायची असते, हे मला ठाऊक आहे. पण आमच्या नागावात वाडीत नारळ पडला तरी शेजारी कळतं, आणि शेजार माझ्या मोठ्या जावेचा, गोदावरीवहिनींचा. त्यांना बोलावलं नसतं तर जन्मभर ऐकून घ्यावं लागलं असतं. माझं चुकलं ते इतकंच, की बोलावण्याआधी मी महिने मोजले नाहीत.

ते त्यांनी मोजले. माझी सून आश्लेषा पाटावर बसली, मी तांदळाची ओंजळ भरली, तोच वहिनी दाराशी उभ्या राहून म्हणाल्या, "सलिलला बोटीवर जाऊन आठ महिने झाले ना गं? मग हिला चौथा कसा?"

माझं डोकंच फिरलं. माझ्या सुनेवर संशय? पण खरं काय ते कुणाला सांगणार नाही, असं वचन तिनं माझ्याकडून घेतलं होतं. दोनदा उपचार फसले होते, आणि लोकांची कीव तिला नको होती.

शेवटी तीच बोलली. "मोठ्या आई, सलिल जाण्याआधी आम्ही दवाखान्यात गेलो होतो. त्याचं बीज आणि माझं, तिथे काचेच्या बशीत एकत्र केलं. जे गर्भ तयार झाले ते गोठवून ठेवले. तीन महिन्यांपूर्वी त्यातला एक डॉक्टरांनी माझ्या पोटात ठेवला."

"नवरा जवळ नसताना?"

"नसताना. मूल त्याचंच आहे."

आता वहिनी नाक मुरडणार, म्हणून मी भांडायला पदर खोचला. वहिनी मात्र माझ्याकडे वळल्या.

"आमच्या वेळी होतं का गं हे?" त्यांनी मला विचारलं.

वहिनींना मूल नाही. सगळ्या ओट्यांना त्या आपणहून अशाच लांब उभ्या राहतात.

"मुंबईत असेलही," मी म्हटलं. "पण आपल्याकडे असलं कोण बोलत होतं?" माझा राग कुठल्या कुठे गेला. फार वाईट वाटलं मला.

आश्लेषा म्हणाली, "मोठ्या आई, ओटी तुम्ही भरा."

"मी? अगं, वांझ बाई मी."

"तुम्हीच भरा. आणि कुणी महिने मोजले, तर हे सगळं त्यांना खुशाल सांगा."

वहिनींनी मोरीवर जाऊन हात धुतले, पुसले, परत धुतले. मग अडुसष्टाव्या वर्षी त्यांनी पहिल्यांदा कुणाची तरी ओटी भरली.