वाटेत दिंडोरी

टाइलचा तो तुकडा अजून ओट्यावरच होता, बदामी रंगाचा, एका कोपऱ्याचा टवका उडालेला, आणि शुभांगीने त्यावर चहाचं गरम पातेलं टेकवलं होतं — रंग टिकतो का ते बघायला, की तुकडा आता घरातलाच झाला म्हणून, हे गोरक्षला कळेना. नाशिकला पाथर्डी फाट्यावर त्यांनी फ्लॅट घेतला होता, तिथल्या बिल्डरने नमुना म्हणून दिलेला. तिकडे भिंतींचं प्लास्टर अजून अर्धंच, आणि फरशी मात्र दिंडोरीच्या या भाड्याच्या घरात येऊन बसलेली. बाजारात तुरी… पण पुढचं काही इथे घडत नव्हतं. कोणी भांडत नव्हतं, हीच तर पंचाईत होती. भांडण असतं तर त्याला रागावून निघून जाता आलं असतं.

तो निघाला तो नेहमीसारखा, डबा पिशवीत टाकून. वणीची गाडी यात्रेकरूंनी भरलेली होती. चैत्र लागला की देवीच्या गडावर जाणारे नाशिकपासूनच जागा धरून बसतात आणि दिंडोरीवाल्याने दांड्याला लोंबकळावं. नाशिकला राहायला गेलो तर मलाही खिडकी मिळेल, असं त्याने स्वतःला समजावलं. सकाळी अंधारात उठायचं, फाट्यावरून रिक्षा, स्टँडवरून ही गाडी… आणि मग दिंडोरी येणार. रोज येणार. गाडी थांबणार, लोक चढणार, आणि आपल्याच जुन्या घराच्या गच्चीवर दुसऱ्या कुणाचे कपडे वाळत असलेले बघत आपण पुढे वणीला जाणार, संध्याकाळी पुन्हा तेच उलटं. बदलीची आशा नव्हती. संस्थेची शाळाच एक, आणि तिथला क्लार्क तो एकटा.

पण हे सगळं तिने केलंच होतं की. अंबडच्या कारखान्यातल्या ऑफिसात ती लागली तेव्हा तेजल बालवाडीत होती, आणि आता पोरगी आठवीत निघाली. इतकी वर्षं शुभांगी पहाटे पोळ्या लाटून नाशिकची गाडी धरत आली, दोन गाड्या बदलून, पावसात, तापात. आणि तो आरामात दाढी करून वणीला. आता तुमची पाळी, असं ती एकदाही म्हणाली नव्हती. म्हणाली असती तर बरं झालं असतं, त्याला उत्तर देता आलं असतं. न मागितलेल्या देण्याला नाही कसं म्हणायचं?

खिडकीबाहेर छाटलेल्या द्राक्षबागा मागे पळत होत्या, नुसती खोडं आणि तारा. आणि तेव्हा त्याला ते पुन्हा ऐकू आलं, चहा गाळता गाळता ती जे बोलली ते — अगदी शांतपणे, त्याच्याकडे न बघता.

"आम्ही दोघी जूनमध्ये जातो. तुम्ही शनिवारी येत जा. ओढाताण नको तुमची."

आम्ही. कालपर्यंत आपण होतं. आपण हॉल मोठा घेऊ, आपण गॅलरीत तुळस लावू… लग्नापासून तिच्या तोंडात आपण, इतकं की कधी त्याला त्याचा वैताग यायचा. आणि आज एका शब्दात ती पोरीला घेऊन पलीकडे जाऊन उभी राहिली. तिने मुद्दाम केलं नसेल. तिला ते कळलंही नसेल. त्याला वाईट वाटलं, म्हणजे वाटायला हवं होतं, आणि वणी येईपर्यंत तो ते वाटून घेत राहिला.

शाळेत लताबाईने पाण्याचा ग्लास ठेवला. शाळेची जुनी शिपाई, तिला गावातलं सगळं आधी कळतं. "भाऊसाहेब, नाशकाला चालले म्हणं तुमी?"

"मी नाही. त्या दोघी जाणार. मी दिंडोरीलाच."

ती क्षणभर त्याच्याकडे बघत राहिली. "मंग खुश दिसता लय," ती म्हणाली आणि ट्रे घेऊन निघून गेली.

त्याच्या ओठांवर हसू होतं, ते त्याने हाताने पुसलं. कारण बाईने बरोबर ओळखलं होतं. एकटं घर, कोणी काही न विचारणारी संध्याकाळ, शनिवारपर्यंत कोणाचंच काही नाही — सकाळी तो शब्द कानावर पडला तेव्हा सगळ्यांत आधी त्याला हे सुचलं होतं, दुःख मागून आलं होतं, पाहुण्यासारखं, बोलावल्यावर. म्हणजे इतके दिवस प्रवास झेपणार नाही म्हणत मी गाडीचे तास मोजत होतो ते कशासाठी? तो स्वतःलाच घाबरला.

संध्याकाळी शुभांगी दमून आली, पायरीवरच बसून तिने चपलेचा बंद सोडला, टाचेला भेग पडली होती. तिने वर पाहिलं. "मग, काय ठरवलं तुम्ही?"

उत्तर तयार होतं, महिनाभर घोकलेलं: इतका प्रवास मला झेपणार नाही. अजूनही ते खरंच होतं. पण आज ते तोंडातून काढलं तर तो प्रवासाबद्दल बोलत नसेल, आणि हे तिला कळणार नाही, फक्त त्याला कळेल, जन्मभर. आणि येतो म्हणावं, तर तेही आता नुसतं सकाळचा तो आनंद लपवण्यासाठीच. ती वाट बघत होती. तो तिच्या शेजारी पायरीवर बसला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदाच त्याला तिच्याजवळ बसायची लाज वाटली.